भरलेली ट्रॉली उतारावर "वजनानंच बसते" म्हणे! दाजी, तो मेसेज आधी डिलीट करा

काल रात्री साडेअकराला दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर "ट्रॅक्टरवाल्यांनी हे विज्ञान वाचाच", खाली चार मुद्दे आणि शेवटी "जास्तीत जास्त पुढे पाठवा". आठवड्यात तिसऱ्यांदा आला माझ्याकडं, आधी दोनदा सोडून दिला. पण दाजी स्वतः मोहोळकडनं कारखान्याला ऊस वाहतात, सीझनभर, रात्री-अपरात्री, मागं दोन ट्रॉल्या लावून, आणि मेसेजखाली त्यांनीच लिहिलंय, "बरोबर आहे, मी पण दगड लावायचं सोडलंय." हे वाचून मला झोप लागली नाही. मी इथं सोलापुरात डिप्लोमाच्या पोरांना अप्लाइड मेकॅनिक्स शिकवतो, घर्षण आणि पाचर हा धडा दरवर्षी घेतो, त्यामुळं आता गप्प बसणार नाही.

पहिला मुद्दा, आणि सगळ्यात घातक हाच. मेसेज म्हणतो: "घर्षण म्हणजे वजन गुणिले ०.६. ट्रॉली १० टनाची असेल तर जमीन तिला ६ टनानं धरून ठेवते, म्हणून भरलेली ट्रॉली उतारावर सरकत नाही, दगड फक्त रिकाम्या ट्रॉलीला लावा."

यात एक नाही, तीन चुका आहेत.

एक तर घर्षण कायम ०.६ गुणिले वजन नसतं, ती त्याची कमाल मर्यादा आहे. घरातलं कपाट ढकलून बघा. ५ किलोचा जोर लावला तर घर्षण उलट ५ किलोचंच लागतं, २० चा लावला तर २० चं, हात काढला की शून्य. कायम पूर्ण ताकदीनं लागत असतं तर कपाट उलट तुमच्याच अंगावर चालत आलं असतं ना! अकरावीच्या एनसीईआरटीच्या फिजिक्सच्या पुस्तकात हे स्वच्छ दिलंय, स्थैतिक घर्षण (वस्तू जागेवर असतानाचं) हे गुणांक (मेसेजमधला तो ०.६) गुणिले लंबबल (पृष्ठभागावर काटकोनात पडणारा दाब) याच्याइतकं किंवा त्याहून कमी. त्याच धड्यात ४ किलोच्या ठोकळ्याचं गणित आहे. फळी हळूहळू तिरकी केली, १५ अंशाला ठोकळा घसरायला लागला, तर गुणांक किती? उत्तर ०.२७, म्हणजे १५ अंशाचा टॅन. त्यात ते ४ किलो कुठंच लागत नाहीत. वजन वाढलं की पकडायची ताकद वाढते तशी खाली ओढणारी ताकदही तेवढ्याच पटीत वाढते, दोन्हीकडनं वजन कटतं. घर्षणाचा सगळा धडा उलथवून टाकणारा मेसेज लोक डोळे झाकून पुढं ढकलतात, आणि पुस्तक घरात भाच्याच्या दप्तरात पडलेलं असतं.

भाच्यासमोर मी करूनच दाखवलं. एक मीटरची लाकडी फळी, वर दोन सारखेच स्टीलचे डबे, एक रिकामा, एकात गच्च ज्वारी. एक टोक हळूहळू उचललं. ३५-३६ सेंटीमीटरपर्यंत दोन्ही गप्प, ३७ च्या आसपास रिकामा सुटला आणि त्याच्या मागोमाग ज्वारीचा. साधारण २२ अंश, म्हणजे गुणांक ०.४ च्या जवळ. पोरगं म्हणालं, मामा, जड डबा थांबायला पाहिजे होता की. दाजींना हेच पटवायचंय.

दुसरी चूक याच्यापेक्षा मोठी. डबा घसरतो, ट्रॉलीला चाकं आहेत, ती गडगडते! चाक मोकळं असलं की ते ६ टन तिला थांबवायला कामालाच येत नाहीत. कडक रोडवर मोकळ्या चाकाचा अडथळा वजनाच्या टक्का-दोन टक्के, म्हणजे १० टनाला १००-२०० किलो. आता कॅनॉलवर चढायचा ५ अंशाचा उतार धरा, १० फुटाला जेमतेम साडेदहा इंच. १० टनाची ट्रॉली तिथं खाली जवळजवळ ८७० किलोनं ओढते. रिकामी २ टनाची ओढते १७५ किलोनं. म्हणजे दगडाची गरज भरलेल्या ट्रॉलीला पाचपट जास्त, आणि मेसेज सांगतो नेमकं उलटं.

तिसरी चूक, दगड न लावता "ट्रॅक्टरचा ब्रेक दाबलाय की मग" असं म्हणून निर्धास्त राहणं. दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून साडेबावीस टन, त्या उतारावर खेच दोन टनाच्या आसपास. ब्रेक लागतो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना, त्यांच्यावर २ टन भार धरला तर ०.६ नं पकड फक्त १२०० किलो. ट्रॉलीच्या चाकांचा थोडा अडथळा वजा केला तरी भागत नाही, चाकं जाम असतानाच ट्रॅक्टर फरफटत मागं जाईल.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, कारण हा समज कुठनं आला ते मला कळतंय. फडातल्या मऊ काळ्या रानात भरलेली ट्रॉली खरंच जागेवर बसते, चाक रुततं आणि स्वतःच्याच खड्ड्यात अडकतं. ड्रायव्हर लोकांनी ते डोळ्यांनी बघितलंय. पण ती करामत मातीची आहे, डांबरावर आल्यावर विसरायची.

दुसरा मुद्दा: "पाचर जेवढी जाड आणि उभट तेवढी घट्ट, ग्रीस लावून ठोकली तर दुप्पट घट्ट." साफ उलटं. पाचर स्वतःहून बाहेर येऊ नये असं वाटत असेल तर तिचा कोन दोन्ही बाजूंच्या घर्षण कोनांच्या (म्हणजे ज्या तिरकेपणाला वस्तू घसरायला लागते तो कोन) बेरजेपेक्षा कमी पाहिजे. कोरडं लाकूड लाकडावर, गुणांक ०.४ धरला तर एका बाजूला २२ अंश, दोन्ही मिळून ४४. ग्रीस लावलेलं लोखंड, गुणांक ०.१, एका बाजूला ६ अंशसुद्धा धड नाहीत, बेरीज ११-१२. म्हणजे ३० अंशाची पाचर कोरडी असेल तर बसेल आणि ग्रीस लावली तर दाबाखाली साबणासारखी सटकन बाहेर. कुदळीच्या दांड्यात पाचर मारताना तेल लावलेला सुतार बघितलाय का कुणी? ग्रीसनं पाचर सोपी आत जाते हे खरं, जड मशीन उचलायला तशीच मारतात, पण ती ५ अंशाच्या आतली निमुळती पाचर असते म्हणून टिकते. त्यातही मशीन थरथरणारं असेल, आपल्याकडच्या लूमसारखं, तर तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

तिसरा, "एकदम गुळगुळीत केलं की घर्षण शून्य." नाही. अगदी सपाट, स्वच्छ धातू एकमेकांना चिकटतात, वर्कशॉपमधले स्लिप गेज (मापं तपासायचे एकदम गुळगुळीत ठोकळे) हातात घेतलेल्या कुणालाही विचारा.

चौथा, रुंद टायर म्हणजे जास्त घर्षण. कोरड्या कडक वस्तूंत क्षेत्रफळाचा संबंध नाही, अमाँतों या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६९९ सालीच मांडून ठेवलंय. रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही आणि चिखलात रुंद टायर कमी रुततो, त्यामुळं हा मुद्दा अर्धा सोडून देतो.

सकाळी दाजींना फोन केला. आधी चिडले, "आम्ही वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय." मी ८७० आणि १७५ चा हिशोब सांगितला, मग जरा वेळ गप्प. मग म्हणाले, गोल दगड तर आपणच घसरतो रे, त्याचं काय. हे त्यांचं बरोबर आहे, गोल दगड आणि खाली बारीक खडी असली तर दगडच गडगडतो. म्हणून बाभळीच्या चार पाचरी करायच्या ठरल्यात, फूटभर लांब, मागनं सहा इंच उंच म्हणजे कोन २७ अंशाच्या आसपास, बूड सपाट, ग्रीस-तेलाचा हात लागू द्यायचा नाही, टायरला टेकवूनच लावायच्या. काढताना चाकामागं वाकायला लागू नये म्हणून प्रत्येकीला हातभर दोरी. मेसेज त्यांनी अजून डिलीट केलेला नाही, संध्याकाळी परत फोन करतो.