तंत्रस्नेही पिढीस एका रुपयात कसे पकडावे

आजच्या तरुण ग्राहकाला आपलेसे कसे करावे, या चिंतेने ज्या विपणन अधिकाऱ्यांची झोप उडाली आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहीत आहे. या विषयातील माझा अधिकार अगदी ताजा आहे आणि तो मी ११९८ रुपये मोजून मिळवलेला आहे. त्याचा हिशेब पुढे ओघाने येईलच.

प्रारंभी, ही पिढी ‘तंत्रस्नेही’ आहे हे वाक्य प्रत्येक बैठकीत किमान तीन वेळा उच्चारावे. २०१६ साली यूपीआय आले आणि त्याच वर्षी जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा ही मुले शाळेत होती. वाण्याकडून सुटे पैसे मोजून घेण्याआधी ती क्यूआर कोड स्कॅन करायला शिकली. ज्यांना मोबाइलमधले इतके कळते त्यांना खरेदीतलेही सगळे कळत असणार, असे एकदा गृहीत धरले की त्यांना काहीही सांगण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. किंमतसुद्धा शेवटच्या पडद्यावर सांगितली तरी चालते.

त्यानंतर त्यांच्या भाषेत बोलावे. कार्यालयातील सर्वांत वयस्कर गृहस्थाने मंजूर केलेल्या जाहिरातीत ‘भावा’, ‘विषय हार्ड’ आणि ‘नाद खुळा’ हे तिन्ही शब्दप्रयोग एकाच ओळीत यावेत. जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून झालेल्या एका फोन संभाषणातील ‘काय झाडी, काय डोंगार’ हे उद्गार तरुणांनी चार आठवड्यांत हसून संपवले होते. ते आपण निःसंकोचपणे आजही वापरावेत. उर्वरित मजकूर हिंदीतून जसाच्या तसा उचलावा, म्हणजे ‘आजच खरेदी करा आणि मिळवा भरघोस सूट’ अशी क्रियापद मध्येच टाकून पुढे धावणारी मराठी आपोआप तयार होते.

रात्री साडेअकरा वाजता ‘झोपलीस का? आम्ही जागे आहोत’ असा निरोप पाठवावा.

वस्तूच्या किमतीशेजारी उलटे धावणारे घड्याळ लावावे आणि सवलत संपायला नऊ मिनिटे उरली आहेत असे लाल अक्षरांत लिहावे. पान पुन्हा उघडल्यावर तेच घड्याळ परत दहा मिनिटांपासून सुरू होते, हे या तंत्रस्नेही पिढीच्या कधीही लक्षात येणार नाही, याची खात्री बाळगावी. माझ्या मुलीच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आले, परंतु ती अपवाद असावी. ९९ रुपयांच्या वस्तूवर हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, लहान खरेदीचे शुल्क आणि जून ते सप्टेंबर या काळात पावसाचे शुल्क लावावे. (आम्ही डोंबिवलीकर हा पाऊस इतकी वर्षे फुकट अंगावर घेत होतो, ही आमची आर्थिक निरक्षरता.) विम्याच्या चौकटीत आपणच आधी खूण करून ठेवावी. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सभासद. तिथे महिन्याच्या सामानाची यादी हाताने भरावी लागे आणि यादीत न लिहिलेली वस्तू पिशवीत कधी येत नसे. इतक्या मागासलेल्या पद्धतीने १९७५ साली सुरू झालेली ही संस्था इतकी वर्षे कशी टिकली, याचा विपणनशास्त्राने अभ्यास करायला हवा.

इन्स्टाग्रामवरील लोकप्रिय चेहऱ्यांना पैसे द्यावेत आणि ते पैसे दिल्याचा उल्लेख करड्या रंगात, कोपऱ्यात, दोन सेकंद दाखवावा.

आता मुख्य सूत्राकडे वळते. ग्राहक मिळवायला एक रुपया पुरतो; कौशल्य लागते ते त्याला सोडून न देण्यासाठी. माझ्या मुलीला एका कंपनीत इंटर्नशिपसाठी अर्ज पाठवायचा होता आणि मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती. अकरा वाजता तिने बायोडेटा तयार करून देणारे एक अ‍ॅप शोधले. पाऊण तास खपून सर्व माहिती भरून झाल्यावर, म्हणजे बाराला दहा मिनिटे असताना, फाइल उतरवून घेण्यासाठी ‘फक्त १ रुपया, ७ दिवस’ अशी पाटी आली. तिच्या फोनवर बँकेचे काहीतरी अडले होते म्हणून माझ्या फोनवरून तो रुपया भरला गेला. त्या पाटीखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘त्यानंतर दरमहा ५९९’ असे लिहिलेले होते आणि पिन टाकताना आम्ही ऑटोपेलाही, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापले जाण्यालाही, संमती देत होतो, हे मला पुढच्या आठवड्यात खात्यातून ५९९ रुपये गेल्यावर समजले. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते, तशी ती दिलेलीही होती. वीजबिल, ओटीपी, कर्जाचे आमिष आणि साड्यांचा सेल यांच्या मधोमध ती शिस्तीत उभी होती.

सभासदत्व रद्द करण्याचे बटण मला पाचव्या पडद्यावर सापडले. पांढऱ्यावर करडे. ते दाबल्यावर आपण का जात आहात असे विचारून आठ कारणे पुढे ठेवण्यात आली, त्यात ‘मी येणारच नव्हते’ हे कारण नव्हते. त्यानंतर दोन महिने अर्ध्या दरात राहण्याचा आग्रह झाला. तो नाकारण्याच्या बटणावर ‘नको, मला माझ्या करिअरची पर्वा नाही’ असे लिहिलेले होते. माझे वय ५१ आहे, मी २६ वर्षे नोकरी केलेली आहे, आणि तरीही ते वाक्य दाबताना माझा अंगठा क्षणभर थांबला. एकोणीस वर्षांच्या मुलीचे काय होत असेल? मग एक यांत्रिक ‘ताई’ अवतरली, तिला माझी निराशा पूर्णपणे समजत होती असे तिने चार वेळा सांगितले, आणि मग विनंती नोंदणीकृत ईमेलवरूनच पाठवावी लागेल असे कळवले. ती पाठवली. ‘आपली विनंती नोंदवली आहे’ असे उत्तर आले. पुढच्या महिन्यात आणखी ५९९ रुपये गेले.

मुलीने माझा फोन घेतला, यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपेच्या यादीत गेली आणि ती संमती तिथूनच रद्द केली. अर्धे मिनिट लागले. त्या कंपनीच्या दारात जाण्याची गरजच नव्हती. “आई, मला आधी सांगायचंस ना,” एवढेच ती म्हणाली.

आता सल्ला पुरे. ज्यांना तुम्ही चंचल म्हणता, ज्यांना कोणत्याही ब्रँडविषयी निष्ठा नाही म्हणून सादरीकरणात हळहळता, ती मुले एकच चप्पल घेण्याआधी तीन अ‍ॅपवर भाव पाहतात, आधी एका ताऱ्याची परीक्षणे वाचतात, तुमच्या जाहिरातींसाठी कचरापेटीसारखा वेगळा ईमेल पत्ता ठेवतात आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारल्याशिवाय पैसे भरत नाहीत. त्यांना फसवणे तुम्हाला जमत नाही. म्हणून तुम्ही त्यांच्या घाईची वाट पाहता: अर्जाची शेवटची दहा मिनिटे, परीक्षेच्या आदली रात्र, महिनाअखेरीची भूक. हे विपणन नव्हे, ही फलाटावरच्या गर्दीत केलेली पाकीटमारी आहे, आणि ती करणाऱ्यांच्या पदनामात ‘ग्रोथ’ हा शब्द असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नचे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीचे, १३ प्रकार नावानिशी लिहून ते निषिद्ध ठरवावे लागले. खोटी घाई, गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू, लाज वाटायला लावणारे नकाराचे बटण, सभासदत्वाचा सापळा, सगळे त्यात आहे. ती यादी तुम्ही अभ्यासक्रमासारखी पाठ केलेली दिसते. जून २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करण्यास सांगण्यात आले. चोराला आपल्याच घराची झडती घ्यायला सांगितल्यावर काय सापडणार होते?

एक वस्तू नीट बनवा, तिची पूर्ण किंमत पहिल्या पडद्यावर लिहा आणि जायचे त्याला दार उघडे ठेवा. इतके साधे काम करायची तुमची तयारी नाही, कारण मग वस्तू खरोखरच चांगली असावी लागेल. तुमच्या घरीही एकोणीस वर्षांचे कोणीतरी असेल. त्याच्या फोनवरची ऑटोपेची यादी आज रात्री उघडून पाहा आणि त्यातल्या किती कंपन्यांची नावे त्याला ओळखता येतात ते विचारा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. माझे ११९८ रुपये परत करा. आणि ‘आम्हाला तुमची आठवण येते’ हा निरोप पाठवणे बंद करा. काल रात्री साडेअकराला तो पुन्हा आला.