कुनुक यांच्या हातात कॅमेरा कुणी 'दिला' नाही

"बर्फाच्या घरात जन्मलेला अडाणी एस्किमो. गावात कुणी टीव्ही पाहिला नव्हता. सरकारने हातात कॅमेरा दिला आणि एकट्याच्या जिद्दीवर पठ्ठ्याने ऑस्कर आणलं!" शेवटी जोडलेले हात. मावशीने घरच्या ग्रुपवर हे टाकलं तेव्हा मी सोडून दिलं. काल कळलं, तिचा नातू शनिवारच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी हेच पाठ करतोय. मग मात्र राहवेना.

माणूस खरा आहे. झकारियास कुनुक, कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या इग्लूलिकचे इन्यूट निर्माते-दिग्दर्शक. ऑस्कर मात्र नाही. त्यांच्या 'अटानारजुआट'ला २००१ साली कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा 'कॅमेरा दोर' मिळाला. कॅनडाने तो ऑस्करला धाडला होता, पण नामांकनसुद्धा मिळालं नाही. 'एस्किमो' हे बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाव, ते लोक स्वतःला इन्यूट म्हणतात. घरही बर्फाचं नव्हे, मातीच्या ढेपांचं. पुढे.

खरा संताप आला तो टीव्हीच्या वाक्याचा. १९७०च्या दशकात इग्लूलिकच्या दारात टीव्ही आला होता. गावाने मतदान घेतलं आणि नको म्हटलं. एकदा नाही, दोनदा! कारण साधं होतं: त्यात त्यांच्या इनुक्टिटूट भाषेतलं काहीच नव्हतं. दिवसभर घरात परकी भाषा बोलत राहणार, मग पोरं कुणाची भाषा बोलणार? इन्यूट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन उभी राहिली, आपल्या भाषेतले कार्यक्रम दिसू लागले, तेव्हा १९८०च्या दशकात गावाने टीव्ही आत घेतला. याला मागासपणा म्हणायचं? आपल्याकडे मुलांच्या मराठीची काळजी करत करत आपणच रिमोट त्यांच्या हातात देतो.

पडद्याची ताकद कुनुकना लहानपणीच कळली होती. नऊ वर्षांचे असताना त्यांना इग्लूलिकच्या शाळेत आणलं गेलं. दगडात मूर्ती कोरून, त्या विकून ते सिनेमाच्या तिकिटाचे पैसे जमवत. पडद्यावर हॉलीवूडचा काउबॉयपटांचा नट जॉन वेन आणि त्याचे घोडदळवाले. ते स्वतःच सांगतात, की मूलनिवासींच्या बाणांनी मेलेले सैनिक पाहून आपणही हादरलो, शाळेने आपल्याला त्या सैनिकांसारखा विचार करायला शिकवलं होतं. माझ्या मते सगळी कारकीर्द या एका आठवणीत आहे.

कॅमेऱ्याचंही तसंच. १९८१ साली माँट्रियलमध्ये तीन मूर्ती विकून त्यांनी तो स्वतः घेतला. हां, सरकारी पैशाबाबत मेसेज अगदीच खोटा नाही. 'अटानारजुआट'मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्ड आणि टेलिफिल्म या सरकारी संस्थांचा पैसा आहे, मान्य. पण मधे पैशाअभावी काम अडलं होतं आणि तो निधी भांडून मिळवावा लागला.

आणि 'एकट्याने'? १९९० साली 'ईसुमा' ही चित्रपट कंपनी चौघांनी काढली: कुनुक, पॉल अपाक, पाउलूसी कुलितालिक आणि नॉर्मन कोह्न. चित्रपटाच्या पटकथेमागे अपाक होते. चित्रपट ज्या लोककथेवर आहे, ती गावातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांनी गोळा केली आणि १९९८ साली, चित्रपट पुरा होण्याआधीच ते गेले. त्यांचं नाव मेसेजात शोधूनही सापडत नाही.

मावशी, तीन मिनिटांच्या भाषणात सगळं बसणार नाही, ठाऊक आहे. त्याला मतदानाची गोष्ट सांगू दे. ऑस्करचं वाक्य तेवढं आज रात्रीच खोड.