स्ट्रासबर्गचे 24.5 कोटी डॉलर: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. बेसबॉलवरून मराठीत इतक्या तावातावाने भांडणारं कुणी भेटलं, याचाच आधी आनंद झाला. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: फ्री एजंट (करार संपून कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा झालेल्या) पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, पाच वर्षांहून लांब करार देणारे क्लब मूर्ख असतात, मी मागच्या लेखात त्याला 'हिशेबी धाडस' म्हटलं ते चूक, स्टीफन स्ट्रासबर्गचं उदाहरण समोर असताना तर अक्षम्यच, पैसा ओतायचाच तर बॅट चालवणाऱ्यावर ओतावा, आणि या मंडळींनी आयपीएलकडून शिकावं.

स्ट्रासबर्गपासूनच सुरुवात करू, तुमचा सगळा खटला त्याच्यावर उभा आहे. तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. डिसेंबर 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला सात वर्षांसाठी 24.5 कोटी डॉलर कबूल केले. त्यानंतर तो फक्त आठ सामने खेळला. एकूण 31 इनिंग (एका सामन्यात नऊ असतात) आणि वर एक तृतीयांश, विजय एक. मानेपासून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या दबल्या जातात त्या दुखण्यावर 2021 मध्ये शस्त्रक्रिया झाली, जून 2022 नंतर तो मैदानात उतरला नाही, 2024 मध्ये निवृत्त झाला. मेजर लीगमधले (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) असे करार हमीचे असतात. गाजराची पुंगी वाजली नाही तर निदान मोडून खाता येते. इथे तीही सोय नाही, न वाजणाऱ्या पुंगीचे हप्ते शेवटपर्यंत भरायचे.

आता तुम्ही गाळलेला भाग. त्या हिवाळ्यात नॅशनल्सचे दोन खेळाडू एकदमच बाजारात आले होते. एक स्ट्रासबर्ग, दुसरा तिसऱ्या बेसवरचा अँथनी रेंडन, म्हणजे तुमचा लाडका बॅट चालवणारा. दोघांपैकी एकालाच ठेवणं परवडेल, असं मालक मार्क लर्नर यांनी जाहीरपणे सांगून टाकलं होतं. त्यांनी पिचर ठेवला. त्याच आठवड्यात रेंडन लॉस एंजेलिस एंजल्सकडे गेला, आणि कराराचा आकडा बघा: सात वर्षं, 24.5 कोटी. डॉलरलाही फरक नाही. पुढे एंजल्ससाठी त्याने एकाही हंगामात साठ सामने पूर्ण केले नाहीत (हंगाम 162 सामन्यांचा असतो, 2020 चा कोविडमुळे साठाचाच होता). मनगट, कंबर, नडगी, एकेक करून सगळं दुखावलं. 2025 चा अख्खा हंगाम कमरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेत गेला. म्हणजे तुमचा नियम पाळून नॅशनल्सने रेंडनला ठेवलं असतं तरी पैसे बुडालेच असते. एका जोडीवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. पण मग तो एकट्या स्ट्रासबर्गवरूनही काढू नका.

आणि तुमचा पाच वर्षांचा नियम याच क्लबला लावून बघा. 2015 च्या जानेवारीत तिशीतल्या मॅक्स शर्झरला त्यांनी सात वर्षांसाठी 21 कोटी दिले होते. त्यातली निम्मी रक्कम नंतरच्या वर्षांवर ढकललेली होती, ती क्लबची हुशारी वेगळी. तेव्हाही बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. त्याने 2016 आणि 2017, लागोपाठ दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकले. 2018 च्या डिसेंबरात पॅट्रिक कॉर्बिनला सहा वर्षांसाठी 14 कोटी. 2022 मध्ये हा कॉर्बिन 19 सामने हरला, त्याचा करार कुठल्याही 'वाया गेलेल्या पैशां'च्या यादीत सापडेल. पण 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम लढतीचा, सातवा सामना आठवा. ह्यूस्टनमध्ये शर्झर पाच इनिंग टाकून बाहेर आला तेव्हा संघ 2-0 ने मागे होता. पुढच्या तीन इनिंग कॉर्बिनने एकही रन न देता टाकल्या आणि विजय त्याच्या नावावर लागला. आदल्या दिवशीचा सहावा सामना स्ट्रासबर्गने जिंकून दिला होता, सिरीजचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. वॉशिंग्टनला 1924 नंतर पहिल्यांदा ट्रॉफी मिळाली. ती घडवली शर्झर आणि कॉर्बिनच्या लांब करारांनी आणि स्ट्रासबर्गने, ज्याच्या मागे तोवर एक मोठा करार होताच.

माझा मुद्दा एवढाच होता आणि आहे: सात-आठ वर्षांचा करार देणारा जनरल मॅनेजर सातव्या वर्षाच्या भरवशावर सही करत नाही. त्याला पहिली तीन-चार वर्षं हवी असतात. शेवटची वर्षं ही किंमत चुकवण्याची पद्धत आहे. त्यात कराचंही गणित आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे पगार गेले की क्लबला लक्झरी टॅक्स बसतो, आणि तो मोजताना प्रत्येक कराराची वार्षिक सरासरी धरतात. तीच रक्कम जास्त वर्षांवर पसरली की सरासरी उतरते. जपानी पिचर योशिनोबू यामामोटोचे 32.5 कोटी डॉजर्सने बारा वर्षांवर पसरले ते उगाच नव्हे.

तुमच्या म्हणण्यात खरोखर दम आहे तो वेगळ्या ठिकाणी, आणि तिथे तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. कोपर. वय वाढलं की खेळाडू उतरणार हे क्लबला ठाऊक असतं, किंमत तशी लावता येते. कोपरातलं लिगामेंट कधी तुटेल हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. कॉर्बिन बर्न्सची ख्याती न थकणारा पिचर म्हणून होती; अ‍ॅरिझोनाने त्याला सहा वर्षांसाठी 21 कोटी दिले, आणि पहिल्याच हंगामात, जून 2025 मध्ये, टॉमी जॉन, म्हणजे याच लिगामेंटची शस्त्रक्रिया. जेकब डीग्रोम टेक्सासला गेला, 2023 मध्ये सहा सामने टाकून तोही त्याच टेबलावर. (टेक्सासने त्या वर्षी त्याच्याशिवाय वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि 2025 मध्ये त्याने तीस सामने टाकले. काय निष्कर्ष काढणार?) यांकीजचा गेरिट कोल: नऊ वर्षं, 32.4 कोटी, चौथ्या हंगामात साय यंग, सहाव्यात कोपर. वेग आणि फिरकी यांच्या हव्यासापायी हात जास्त तुटताहेत हे आता लीगच्या स्वतःच्या 2024 च्या अहवालातही आहे, पण वेग कमी करणाऱ्याला बाजारात कोण विचारणार?

आयपीएलबद्दल. मिचेल स्टार्कला कोलकात्याने 2024 साठी 24.75 कोटी रुपये मोजले आणि पुढच्या लिलावात तो 11.75 कोटींवर दिल्लीला गेला, हे तुम्हाला शहाणपणाचं वाटतं. पण ती दोन महिन्यांची भाडेपट्टी आहे. बुमराहची पाठ गेली तेव्हा मुंबई इंडियन्सला 2023 चा हंगाम त्याच्याविना काढावा लागला. मात्र त्याला उभं करण्याची जबाबदारी वाहिली ती बीसीसीआयने. अमेरिकेत क्लबच्या वर असं बोर्ड नाही. हात क्लबचा, डॉक्टर क्लबचा, बिलही क्लबचं.

शिवाय 'खेळाडू क्लबला लुटतात' हे तुमचं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. फ्री एजंट व्हायला मेजर लीगमध्ये सहा वर्षं काढावी लागतात. याच बर्न्सने साय यंग जिंकल्यानंतर, 2023 मध्ये, मिलवॉकीकडे 1 कोटी साडेसात लाख डॉलर मागितले होते. क्लब 1 कोटी 10 हजारांवर अडून बसला, लवादापुढे त्याच्याविरुद्ध बाजू मांडली आणि जिंकला. त्या सहा वर्षांत हात मोडला तर नुकसान खेळाडूचं. ती वर्षं स्वस्तात काढून घ्यायची, आणि भाव मिळायची वेळ आली की जोखमीबद्दल गळा काढायचा? मालकांच्या पैशासाठी मला रडू येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की मी क्लब चालवत असतो तर कुठल्या करारावर सही केली असती. यामामोटोच्या. तो पंचविशीत होता, मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नव्हता, आणि पहिल्याच वर्षी खांद्यामुळे जवळजवळ तीन महिने बसला, तरीही. 2025 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकून दुसऱ्या दिवशी सातवा सामनाही त्याने संपवला, पण त्यासाठी नव्हे, वयासाठी. डिलन सीझच्या करारावर मात्र केली नसती. टोरांटोने त्याला सात वर्षांसाठी 21 कोटी दिले, ते मुख्यतः तो कधी गैरहजर राहत नाही म्हणून. 2025 मध्ये त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, जितके कमी तितकं चांगलं) 4.55 होता. हजेरीची एवढी किंमत मी बर्न्सनंतर तरी लावणार नाही.