लाखाची सायकल, फुकटची खडी

आमच्या मळ्याकडं जाणारी पाणंद ही गावातली सर्वांत जुनी मागणी आहे. आजोबांनी मागितली, वडिलांनी मागितली, आता तात्या मागतात. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. पाणंदीच्या अर्जांची त्यांच्याकडं एक फाईल आहे आणि ती इतकी जाड झालीय की नुसती पसरली तरी निम्मा रस्ता व्हावा. दर निवडणुकीच्या तोंडावर दोन ट्रॉल्या मुरूम येऊन पडतो. निकाल लागला की ढीग तसाच राहतो आणि येणारे-जाणारे ट्रॅक्टर आपापल्या सवडीनं तो पसरत राहतात. पावसाळ्यात मुरमाखालची काळी माती वर येते. मग चप्पल मागं राहते आणि माणूस पुढं जातो.

या पाणंदीसाठी पुण्याहून कुणी मुद्दाम येईल, तेही गाडीच्या पाठीला दोन सायकली बांधून, असं आमच्या सात पिढ्यांच्या स्वप्नात आलं नसतं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी माझा भाचा आला.

"मामा, ही ग्रॅव्हल बाईक."

"म्हणजे?"

"म्हणजे खडी-मुरमावर चालवायची सायकल."

"आणि डांबरावर?"

"डांबरावर काय, कुणीही चालवतं."

तात्या ओट्यावर तंबाखू मळत होते. ते उठले आणि बाजारात बैल बघतात तसं सायकलीभोवती फिरून आले.

"केवढ्याला?"

"एक लाख अठरा हजार."

"स्टँड कुठाय?"

"स्टँड नसतं, आजोबा."

"कॅरेज?"

"नाही."

"मडगार? घंटी?"

"नाही. त्यानं वजन वाढतं."

"सगळं काढून घेतल्यावर वजन कमी हुनारच की. मग पैसं कशाचं दिलंस?"

भाच्यानं समजावून सांगितलं. इटलीत टस्कनी म्हणून द्राक्षांच्या डोंगराळ मुलखात पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून तिथल्या सायकलवेड्यांनी 1997 साली जुन्या सायकली काढून त्या रस्त्यांवरनं फेरी सुरू केली. आता जगभरातनं लोक तिथं धूळ खायला जातात. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे डांबर हू नये म्हनून चळवळ?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ते फाईल आतल्या खोलीत ठेवून आले. बहुधा संसर्ग होऊ नये म्हणून.

"मामा, आपल्याकडं सगळं आहे," भाचा म्हणाला. "द्राक्षं आहेत, पलूसला वाईन पार्क आहे, पुढं सागरेश्वरचं जंगल आहे. बेचाळीस किलोमीटर. माझा मित्र ऐनवेळी आजारी पडला, त्याची सायकल तुम्ही चालवा."

तो मित्र आजारी का पडला असावा, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कळलं.

मी हायस्कुलात गणित शिकवतो आणि वीस वर्षं सायकलवरनं शाळेत गेलोय. त्या जोरावर हो म्हटलं. पहिला धक्का चड्डीचा. ती घट्ट काळी चड्डी खांद्यावरच्या पट्ट्यांनी अडकवायची असते आणि तिच्या बुडाशी एक गादी शिवलेली असते. आरशात बघितल्यावर मी सर्कशीतून निवृत्त झालेल्या माणसासारखा दिसत होतो. बायको चहा घेऊन आली, थबकली, आणि म्हणाली, "अहो, निदान शाळेवरनं जाऊ नका."

दुसरा धक्का हवेचा. जन्मभर आम्ही टायर दगडासारखं होईपर्यंत पंप मारत आलो. याच्याकडं उलटंच. हा हवा सोडायला लागला. पस्तीस पीएसआयवर आणून थांबला. मऊ टायर बारीक खड्याभोवती दबतं, त्यामुळं पकड मिळते आणि सायकल उडत नाही, असं त्याचं म्हणणं. पटलं. टायरचा प्रश्न सुटला. बसणाऱ्याला कसं मऊ करायचं, ते त्याच्या शास्त्रात नव्हतं.

साडेसहाला निघालो. थंडी होती. दोन्ही बाजूला द्राक्षबागा, घडांना उन्हापासून जपायला लावलेले कागद पहाटेच्या वाऱ्यात फडफडत होते. पहिली पाच मिनिटं मला टस्कनी दिसलीसुद्धा. मग ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरनी केलेला पट्टा लागला. जमीन पन्हाळी पत्र्यासारखी झाली होती. दात, चष्मा, मूत्रपिंडं, सगळं वेगवेगळ्या तालात हलायला लागलं. मी "थांब रे" म्हणून ओरडलो, पण तोंडातून "था-आ-आ-आं-ब" असं निघालं. भाच्याला वाटलं, मामा रंगात येऊन गातायत. त्यानं वेग वाढवला.

खरा त्रास मात्र खडीचा नव्हता, माणसांचा होता. सांगली जिल्ह्यात ओळखीचा माणूस सायकलवर दिसला की त्याच्यावर काहीतरी संकट आलंय असं धरून चालतात.

"सर, गाडी बंद पडली व्हय?"

"नाही, सहज निघालोय."

"कुनीकडं?"

"सागरेश्वरला."

"मग बसा की मागं! सायकल टाकू ट्रॉलीत."

अर्ध्या तासात चौघांनी थांबून मदत देऊ केली. एक जण तर नको म्हटलं म्हणून रुसून गेला. भाच्याला रानावनातला एकांत पाहिजे होता. एकांत आमच्याकडं मिळतो, पण रात्री बारानंतर आणि तेव्हाही कुत्री असतात.

पलूसच्या अलीकडं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बाग लागली. वाईनची द्राक्षं म्हटल्यावर भाच्यानं ब्रेक दाबला. पोरानं शिराजची एक पट्टी अजून राखलीय. ह्या द्राक्षाला बाजारात नेऊन कुणी 'गोड आहे का' विचारत नाही. मणी एवढासा, साल जाड, आत बिया. मी चार मणी तोंडात टाकले. बिया चावल्या गेल्या आणि टाळू आवळून आली, हिरडा खाल्ल्यासारखी. भाचा डोळे मिटून "टॅनिन" असं म्हणाला.

"सर, ही खायची न्हवंत, ही प्यायची," पोरगं हसून म्हणालं. मग त्यानं खिशातनं पेनएवढी नळी काढली. एका मण्याचा रस काचेवर पिळला, झाकण दाबलं आणि एक डोळा मिटून ती सूर्याकडं धरली. "तेवीस आलीया. आता तोडायची." ते ब्रिक्स मोजायचं यंत्र. रसात साखर किती ते सांगतं, आणि त्या साखरेचीच पुढं दारू होते. दहावीला गणितात काठावर सुटलेला हा पोरगा दशांशापर्यंत आकडा वाचत होता. मीही नळीला डोळा लावला. निळं-पांढरं वर्तुळ, मधे एक रेघ. मला अठरा दिसली. "तुमाला चष्म्यानं तसं दिसतंय," असं म्हणून त्यानं माझी लाज राखली.

पुढं बेदाण्याचं शेड लागलं. हिरव्या जाळीचे मजले, त्यांवर पसरलेली द्राक्षं, सुकवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या टपाचा तेलकट वास. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. माझी अवस्था पाहता मीही त्याच प्रमाणात आटत चाललो होतो. बायका बसून माल निवडत होत्या. मी पाणी प्यायला पाठमोरा झालो आणि मागं खसखस पिकली. शेवटी एक आजी धीर करून म्हणाल्या, "सर, मागं उशी शिवून घेतलीया व्हय?"

मी हो म्हणालो.

"बरं केलंसा. आमालाबी सांगा कुटं शिवून मिळतीया. दिवसभर बसून आमचंबी दुकतंय."

लाखाच्या छंदातली मला पटलेली पहिली वस्तू त्या आजींनी एका नजरेत हेरली होती.

किर्लोस्करवाडीवरनं जाताना एक विचार आला. ही वाडी 1910 साली वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धंद्याची सुरुवात केली ती 1888 साली बेळगावात, सायकलच्या दुकानापासून. पुढं ते कडबा कापायच्या यंत्राकडं आणि लोखंडी नांगराकडं वळले. पाठ्यपुस्तकात हा उद्योजकाच्या दूरदृष्टीचा धडा म्हणून येतो. त्या दिवशी खोगिरावर बसल्या बसल्या मला त्यांचा निर्णय वैयक्तिक पातळीवर समजला.

कुंडल मागं टाकलं आणि चढ लागला. भाच्याच्या बुटांना खालून कुलूप असतं. बूट पायडलात खट्कन अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. चढावर समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. भाचा कडेला घेऊन थांबला, पण टाच वळवायची राहिली. मग तो पडला. पडला म्हणजे घाईनं नाही. खांब जसा खालून वाळवीनं खाल्ला की विचार करून कलंडतो, तसा, दोन्ही पाय सायकलीला जोडलेले, चेहऱ्यावर पूर्ण समज, सावकाश बाभळीच्या बाजूला गेला. ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद करून बघितलं. "पाय तरी टेकायचा की!" एवढं बोलून त्यानं परत गाणं लावलं.

बाभळीचा काटा टायरात शिरला होता. आत ट्यूब नव्हती, पांढरं औषध होतं. ते फसाफसा उडालं, भाच्याच्या चष्म्यावर, माझ्या मिशांवर. दोन-तीन फेऱ्या चाक फिरवल्यावर भोक आपोआप बुजलं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. तेवढ्यात म्हशी घेऊन जाणारा म्हातारा थांबला. "सायकल दूध देती?" असं त्यानं विचारलं, आणि त्याला गंभीरपणे उत्तर देण्याची चूक भाच्यानं केली. म्हशी पुढं गेल्या, म्हातारा अर्धा तास थांबला.

सागरेश्वर आलं तेव्हा साडेदहा वाजले होते. हा डोंगर एके काळी बोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातनं इथं झाडं उभी राहिली, हरणं आणली गेली आणि 1985 साली अभयारण्य झालं. माणसानं हातानं लावलेलं जवळजवळ अकरा चौरस किलोमीटरचं रान. भोवती कुंपण आहे. आम्ही कुंपणाबाहेरच्या सावलीत आडवे झालो. जाळीपलीकडं एक चितळ आलं. कान ताठ करून त्यानं माझ्या चड्डीकडं बघितलं, मग भाच्याच्या कोपरावरच्या पांढऱ्या डागांकडं बघितलं. स्वतःच्या अंगावरच्या ठिपक्यांशी ते ताडून पाहत असावं. जुळलं नाही. कुंपण कुणाच्या रक्षणासाठी घातलंय याबद्दल खात्री करून घेतल्यासारखं ते रानात निघून गेलं.

"एकवीस झाले," भाचा घड्याळ बघत म्हणाला. "आता फक्त परतायचं."

'फक्त' हा शब्द मी आयुष्यात इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. मी उठायचा प्रयत्न केला. वरचा भाग उठला. तेवढ्यात द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटी घेऊन आमच्याच गावचा टेंपो आला. सकाळी रुसून गेलेला तोच माणूस. त्यानं काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. दोन्ही सायकली क्रेटींवर चढल्या. भाचा तत्त्वाचा पक्का, तो नाही म्हणत होता; पण चढताना त्याची टाच बरोबर सुटली. घाईत तो घड्याळातलं वेग-अंतर मोजणारं अ‍ॅप बंद करायला विसरला. संध्याकाळी त्याला मेसेज आला की कुंडलच्या रस्त्यावर आजवरचा सर्वांत वेगवान सायकलस्वार तो आहे. त्यानं ते खोडलं की नाही, मी विचारलं नाही.

सोमवारी मी पाचही तास उभ्यानं शिकवले. मुलांना वाटलं, सरांनी यंदा दहावीचा निकाल फारच मनावर घेतलाय.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. ऑफिसातले बारा जण यायचं म्हणतायत, फोटो बघून वेडे झालेत. राहायची सोय होईल का? मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मामा, तेवढी आपली पाणंद डांबरी होऊ देऊ नका हं. तिचं सगळं कॅरेक्टर जाईल."

मी फोन तात्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला.

"बाळा, बारा काय, पंचवीस या. र्‍हायला-जेवायला कमी पडनार न्हाई," तात्या म्हणाले. "पन आता नगं. जुलैत या."