एका पदार्थाचं आमंत्रण

घरी चार माणसं बोलावली की एकच पदार्थ करावा, असं माझं ठाम मत आहे. हे मत आमच्या घरात, बिल्डिंगमध्ये आणि माहेरी कोणालाच मान्य नाही, म्हणून इथे लिहिते.

गोव्यातल्या फोंड्यासारख्या आमच्या गावातही आता घरच्या बैठकीचा मेनू ठरून गेलाय. आधी चीज बॉल किंवा पनीर चिली, मग पुलाव, सोबत लाल नाहीतर पांढरी ग्रेव्ही, वर आइस्क्रीम. आणि जिने बोलावलं ती बाई? ती आत, घामाघूम. पाहुणे बाहेर सोफ्यावर मोबाईल चाळत. जिच्याशी बोलायला म्हणून मैत्रीण आलेली असते, ती तिला भेटते निघताना, चपला घालताना. मधल्या दोन तासांत "बस गो जरा" आणि "आयलेंच" एवढंच बोलणं झालेलं असतं. पुढच्या वेळी ती मैत्रीणही सहा पदार्थ करते, कारण आता पाच कसे करणार? असं करत करत एक दिवस कोणी कोणाला बोलवेनासं होतं. वेळ मिळत नाही म्हणतो आपण. वेळ असतो हो, सहा पदार्थांची ताकद नसते.

खरं तर गोव्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागू नये. आपली दिवाळी आठवा. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळून झाले, न्हाणं झालं, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, की पोहे. लाडू-करंज्या नंतर कधीही खा, त्या सकाळचा मान पोह्यांचा. भात नुकतंच कापून घरात आलेलं असतं, त्याचेच पोहे. मग या घरातून त्या घरात पोहे खात हिंडायचं. दुधातले, ताकातले, रसातले, गूळखोबऱ्याचे, बटाट्याचे, फोडणीचे. बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ, आंबाड्याचं सासव.

इथे आमच्या जाऊबाई मला पकडतात. म्हणतात, "हे तर सातआठ पदार्थ झाले, एक कुठे?" एकच जिन्नस आहे वैनी, पोहे! आणि त्यातले निम्मे प्रकार चुलीवर काही न शिजवता होतात. म्हणून तर पहाटे उठलेली बाई त्या दिवशी दारात येऊन दोन शब्द बोलू शकते.

रसातले पोहे वर्षातून एकदाच का करतो, हे मला आजवर कळलेलं नाही. मे महिन्यात दुपारी कोणी आलं तर याहून थंड आणि सोपं काही नाही. एका नारळात चारपाच माणसांचे होतात. नारळ खवणून कोमट पाण्याबरोबर मिक्सरला फिरवायचा आणि पंच्यात घालून घट्ट पिळायचा. पहिला दाट रस निघतो तो खरा, दुसरा थोडा पातळ करण्यापुरता. त्यात माडाचा काळा गूळ किसून घालायचा, बाजारात त्याच्या पिरॅमिडच्या आकाराच्या ढेपा मिळतात तो. चिमूटभर मीठ विसरायचं नाही. रस गॅसवर चढवायचा नाही, उकळला की फुटतो आणि वर तेल तरंगतं. जाडे पोहे धुऊन निथळून ठेवायचे आणि माणसं समोर बसली की मगच रसात सोडायचे, कारण ते रस पीत राहतात आणि अर्ध्या तासात वाटीत चमचा उभा राहतो. मी वेलची घालते. सासूबाईंच्या मते वेलचीने माडाच्या गुळाचा वास मरतो. त्यांचं बरोबर आहे, पण मला वेलची आवडते.

ताकातल्या पोह्यांना तर नारळ पिळायचाही व्याप नाही. दही घुसळून जरा पातळ करायचं, त्यात मीठ, चवीला साखर, ठेचलेलं आलं-मिरची आणि कोथिंबीर. फोडणी मोहरी, हिंग आणि कढीपत्त्याची, पण कोमट झाल्यावर ओतायची. पाहुणे उशिरा येणारे असतील तर निम्मं दूध घाला, म्हणजे बसून बसून आंबट होत नाही. उशिरा येणारे पाहुणे गोव्यात किती, ते तुम्हीच मोजा.

एक पदार्थ करण्याचा खरा फायदा बाईचे कष्ट वाचण्याच्या पुढचा आहे. एकच पदार्थ असला की तो सगळ्यांना मिळून करता येतो. सहा पदार्थांत कोणी मदतीला आत आलं तर अडचणच होते, आपणच म्हणतो, "तू बस बाहेर." आणि फ्रोजन पाकीट फाडून तळायला घेतलं, तर दुसऱ्याला करण्यासारखं काही उरतच नाही. (त्या चीज बॉलवर माझा राग नाही. मुलांना आवडतात, मीही खाते. पण त्यासाठी माणसं कशाला बोलवायची?)

या कामाला कापांसारखा पदार्थ नाही. पाऊस सुरू झाला की बाजारात नीरफणस, म्हणजे ब्रेडफ्रूट, दिसायला लागतो. दोन घेऊन यायचे आणि फोन करायचे. नीरफणस कापताना पांढरा चीक येतो, म्हणून सुरीला आणि हाताला आधी खोबरेल चोळायचं. साल काढून, मधला कडक भाग टाकून, पाव इंच जाडीचे काप पाण्यात सोडायचे, नाहीतर काळे पडतात. जाड कापलं तर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं, फार पातळ कापलं तर वेफर होतो. हे काम हात स्थिर असलेल्या माणसाला द्यायचं. आमच्याकडे ते एका बँकवाल्या मित्राकडे असतं आणि त्याला त्याचा गर्व आहे.

पाण्यातून काढून निथळले की मीठ, हळद, हिंग, मिरचीपूड. मसाला अगदी मासळीला लावतो तोच. हे लावून पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, ही पायरी कोणी गाळू नये. मिठामुळे कापांना थोडं पाणी सुटतं आणि त्या ओलीवरच रवा धरतो. घाई केली तर रवा तव्यावर आणि काप उघडं. रव्यात मूठभर तांदळाचं पीठ मिसळलं तर कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो. काप रव्यात घोळवण्याचं काम मुलांचं, त्यात रवा जमिनीवर सांडणार हे गृहीत धरा. मग मध्यम आचेवर खोबरेल तेलात, पहिली बाजू झाकण ठेवून म्हणजे आतून शिजते, दुसरी उघडी.

सुरणाची कापं करणार असाल तर एक गोष्ट जास्तीची. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे अणकुचीदार बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. म्हणून आमच्या आज्या सुरणाला सोलं, म्हणजे आमसुलं, किंवा चिंच लावल्याशिवाय तव्यावर टाकत नसत. मी आमसुलाचं आगळ चोळते आणि थोडा वेळ ठेवते. वांगी, बटाटा, कच्ची केळी, भेंडी, सगळ्यांची कापं होतात. पण पावसाच्या संध्याकाळी नीरफणसापुढे बाकीच्यांनी बोलू नये.

कापं तव्यावरून ताटात आणि ताटातून तोंडात जातात, त्यामुळे सगळे आपोआप स्वयंपाकघरात उभे राहतात. कोणी ओट्याला टेकून, कोणी आदोळीशेजारी, म्हणजे विळीशेजारी, पाट घेऊन. हॉलमध्ये बसायला कोणी तयार नसतं. आमच्या वाड्यावरचं सगळं राजकारण, नाटकातली भांडणं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, हे मला तव्याजवळच कळलेलं आहे.

नाटकाचा विषय निघालाच आहे. जत्रेच्या नाटकाची तालीम हा खाण्याच्या बाबतीत गोव्यातल्या मराठी माणसाचा मोठा वर्ग आहे. ऑफिस, दुकान, बागायत आटोपून दहाबारा माणसं जमतात आणि मध्यरात्रीपर्यंत संवाद घोकतात. त्यांना काय देतात? चहा आणि भजी. कधी मिरचीची, कधी कांद्याची. रोज तेच, आणि तरी "आज भजी नाही?" असा प्रश्न आला की तालीम थांबते. दिग्दर्शकाला दोन जास्त मिळतात आणि त्यावरून पात्रांत नाराजी होते. कोणी कधी म्हणालं नाही की मेनूत विविधता हवी.

स्वयंपाकाला अजिबातच हात लावायचा नसेल त्या दिवसासाठी पोदेर आहे, दारोदार पाव विकणारा. संध्याकाळी त्याच्या सायकलचा भोंगा वाजतो, निम्मं काम तिथेच झालं. गंमत बघा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर हा पाव आला, आणि पाव पडलेल्या विहिरीचं पाणी प्यायलं म्हणून घरंच्या घरं बाटल्याच्या गोष्टी जुनी माणसं सांगायची. आज आमच्या गल्लीत देवाचा दिवा लागायच्या आधी पोदेराची वाट बघतात. बटाटा आणि मिरचीसुद्धा त्याच जहाजांतून आले, त्यांच्यावर मात्र कोणाचा राग दिसत नाही.

तर पोदेराकडून गरम पोळी घ्यायची, म्हणजे पावाचाच एक प्रकार, कोंड्याची, आतून पोकळ असते ती. कडक आवडत असेल तर उंडे. चहात बुडवायला काकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव. आपण फक्त एक मोठं पातेलं अळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे आपल्याकडच्या चवळीची रसदार उसळ, करायचं. अळसांदे रात्रभर भिजवून शिजवायचे. खोबरं, कांदा, धणे, मिरी, लवंग, सुकी मिरची हे सगळं लालसर भाजून बारीक वाटायचं आणि त्यात एक उकळी. सकाळी करून ठेवलं तर संध्याकाळी जास्त चांगलं लागतं, म्हणजे माणसं येतात तेव्हा आपण मोकळ्या. पोळी उरली तर दुसऱ्या दिवशी ती चामट होते. टाकू नका, पाण्याचा हात फिरवून कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली की पुन्हा मऊ होते.

आणि रस ऑम्लेट. पणजी-मडगावात संध्याकाळी गाड्यांवर मिळतं, पर्यटकही आता रांग लावतात. माझ्या मते तो घरचाच पदार्थ आहे आणि त्याचा दिवस रविवार. दुपारी कोंबडीची शागोती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा, झालेली असते, फोडी संपलेल्या असतात आणि रस उरलेला असतो. सोमवार आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी, त्यामुळे तो रस त्याच रात्री संपवायलाच हवा. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून ऑम्लेट, वर गरम रस, कच्चा कांदा, लिंबू, सोबत पाव. शेजारच्यांना बाल्कनीतून हाक मारली तरी पुरतं. नवीन काही रांधायचं नाही, फक्त अंडी फोडायची. यापेक्षा स्वस्त पार्टी मला माहीत नाही.

आता सासूबाईंचा आक्षेप. "माणूस घरी आला आणि त्याच्यापुढे एक ताटली ठेवायची? लोक काय म्हणतील?" त्यांच्या काळात घर भरलेलं होतं, खवणायला एक, वाटायला एक, वाढायला दोघी. सहा पदार्थ सहा जणी करत होत्या. आज सहाही एकीने करायचे, तेसुद्धा ऑफिसातून आल्यावर, आणि वर हसतमुख राहायचं. जुना पाहुणचार टिकवायचा तर नुसतं ते भरलेलं ताट पुढे ओढत राहू नका, त्यामागचे हात परत आणा. लोक काय म्हणतात तेही सांगते. आमच्याकडे येणारे आधी विचारतात, "आज किदें?" आणि मी एकच शब्द सांगते. त्यावरून ते ठरवतात यायचं की नाही. सुरण म्हटलं की एक जोडपं येत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

ज्यांना मधुमेह आहे, गुडघे दुखतात, तेलकट चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळा पदार्थ करू नये, वेगळा दिवस ठरवावा. मुगाच्या गाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगांची रसभाजी, आहेत, उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं आहे. पेजेवर बोलावलं म्हणून हसणारेही दोन वाट्या पितात.

राहिली भांडी. एक पदार्थ म्हणजे एक तवा, एक परात आणि ताटल्या. ताटल्या ज्याच्या त्याने विसळायच्या, नवऱ्यांनीसुद्धा, यावर चर्चा होत नाही. तवा कोणी घासायचा यासाठी आमच्याकडे नियम आहे, शेवटचं काप जो उचलेल त्याने. त्यामुळे ते एक काप परातीत बराच वेळ पडून असतं, सगळे त्याच्याकडे बघत गप्पा मारतात, आणि शेवटी सासूबाई येऊन ते उचलतात. त्यांना तवा घासायला सांगायची कोणाची छाती नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.