मदत मागितली की आवाज बंद!

रात्रीचे साडेअकरा. इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर झोपलेलं आणि मी मंडळाच्या स्मरणिकेवर बसलोय. सकाळी फाईल छापायला जायची आहे, आणि शेवटच्या नजरेत दिसलं की आमच्या काकांच्या नावामागे 'श्री.'ऐवजी 'कै.' पडलंय. काका शेजारच्या खोलीत घोरताहेत. चांगले खणखणीत घोरताहेत!

खोडायचं ते 'कै.' एवढंच. फाईल दुसऱ्या मशीनवर, म्हणून टर्मिनलमधून, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीतून, ईमॅक्स हा मजकूर लिहायचा प्रोग्राम उघडलेला. बॅकस्पेस दाबला. काही नाही. पुन्हा दाबला, तर पडदा मधोमध चिरला आणि अर्ध्या भागात मदतीची ही भलीमोठी यादी. अरे बाबा, मी मदत मागितली कधी? मला दोन अक्षरं पुसायची आहेत!

कारण ऐका, म्हणजे तुमचंही डोकं फिरेल. एच हे इंग्रजीतलं आठवं अक्षर. कंट्रोल धरून एच दाबलं की टर्मिनलमधून आकडा जातो ८. आणि आस्की तक्त्यात, म्हणजे कळींना आकडे देणाऱ्या यादीत, ८ म्हणजे कोण? साक्षात बॅकस्पेस. काही टर्मिनल बॅकस्पेसला १२७ पाठवतात, काही ८. ईमॅक्सवाल्यांनी नेमकी कंट्रोल-एचच मदतीला दिली, कारण हेल्पचा एच. वा! लक्षात ठेवायला सोपं, म्हणून पुसायच्या कळीवर पाटी लावून मोकळे. आमच्या टर्मिनलची सेटिंग जुनी, ८ वाली. म्हणजे मी जितकं पुसायला जाणार तितकी मदत अंगावर येणार.

व्हिम हा तसलाच दुसरा प्रोग्राम धरावा म्हटलं, तर तिथे वेगळंच नाटक. तिथे मदत एफ-वनवर, आणि एफ-वन कुठे, तर एस्केपच्या खांद्याला खांदा लावून. व्हिममध्ये लिहिणं थांबवून आज्ञा द्यायला एस्केप दिवसातून शेकडो वेळा मारावा लागतो. बोट गव्हाएवढं सरकलं की मदतीचं पान हजर. व्हिमचा पूर्वज व्हीआय १९७६ मध्ये लिहिलं गेलं तेव्हाच्या त्या एडीएम-३ए टर्मिनल-यंत्राच्या कीबोर्डवर एस्केप क्यूच्या डाव्या अंगाला, आजच्या टॅबच्या जागी होता. त्यांचं बरं होतं. भोगतोय मी.

तिथे कोलन देऊन 'हेल्प' टंकायचीही सोय आहे म्हणे. टंका की! मी मराठी लिहितोय, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू आहे. लिहायच्या, म्हणजे इन्सर्ट मोडमधून बाहेर यायचं राहिलं, तर स्मरणिकेत छान उमटतं 'छपातज'. काकांनी वाचलं तर विचारतील, हे कुठल्या स्तोत्रातलं?

नॅनो या तिसऱ्या प्रोग्रामचा मात्र मी मनापासून आदर करतो. तिथे मदत कंट्रोल-जीवर. का जी, ते विचारू नका, पण निदान पडद्याच्या तळाला तसं लिहून ठेवलंय. ज्याला काहीच येत नाही त्याला दिसेल अशा जागी! बाकीच्यांना एवढंही सुचू नये? आणि नॅनोची ही सवय घेऊन ईमॅक्समध्ये गेलात, तर तिथे कंट्रोल-जी म्हणजे 'चाललेलं सगळं सोड'.

बाकी सगळ्या कळा मी शिकेन हो, पाठ करेन. पण मदतीची कळ कशी पाठ करायची? ती तर ज्याला काही पाठ नाही त्याच्यासाठी! रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन कुणालाही विचारा, भुट्ट्याचा कीस कुठे मिळेल. तोंडात गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद असला तरी माणूस हाताने दाखवेल, 'वो सामने, भिया.' त्याआधी तुम्हाला त्याच्या कोपराला दोन विशिष्ट बोटांनी दाबावं लागत नाही.

आयबीएमने १९८७ मध्ये नियमच लिहिले होते, मदत म्हणजे एफ-वन. त्याच सुमारास वर्डपरफेक्ट या लेखनाच्या प्रोग्राममध्ये मदत एफ-थ्रीवर आणि एफ-वन रद्द करायला! घ्या. विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये एफ-वन दाबा, ब्राउझर उघडून इंटरनेटवर शोध सुरू. इथे लाइट गेली की राउटर बंद, आणि हे मदत शोधायला गावभर फिरणार.

शेवटी कर्सर 'कै.'च्या आधी नेला आणि कंट्रोल-डी मारत मारत एकेक चिन्ह उडवलं. बारा वाजून दहा मिनिटांनी काका पुन्हा हयात झाले.

मग चिडून सेटिंगच्या फाईलमध्ये दोन ओळी घातल्या, की कंट्रोल-एचने फक्त पुसायचं. मदतीला ईमॅक्समध्ये एफ-वनही चालतो, तोच राहू दे. मोठ्या समाधानाने एफ-वन दाबून पाहिला.

पडद्यावर लाउडस्पीकरचं चित्र आलं, त्यावर तिरकी काट. लॅपटॉपवाल्यांनी एफ-वनवर आवाज बंद करायची सोय दिली आहे. मदत हवी असेल तर आधी एफएन दाबा. ती एफएन कुठे, तर डाव्या कोपऱ्यात, जिथे माझं बोट गेली पंधरा वर्षं कंट्रोल शोधतंय.