सुएड उसवून लेदर चढवा, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

'गाडीत सिंथेटिक सुएड (मखमलीसारखी बारीक लव असलेलं कृत्रिम कापड) असेल तर आजच काढून टाका' असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातले दावे असे: सुएड म्हणजे निव्वळ प्लास्टिक, उन्हात त्यातून विषारी वायू सुटतो आणि ठिणगी पडली की ते भडकतं, लेदर नैसर्गिक, ते 'श्वास घेतं' म्हणून थंड राहतं, अधूनमधून तेल चोळलं की जन्मभर टिकतं, तेव्हा कंपनीच्या सीटवरून अस्सल लेदरचं घट्ट कव्हर शिवून घ्या. माझा मामेभाऊ हे वाचून कव्हर शिवायला टाकायला निघाला होता. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हा मेसेज अजून किती जणांकडे पोचला असेल कोण जाणे.

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करते. बाकीचं ऐकून फार तर पैसे वाया जातील, हे ऐकून जीव जाऊ शकतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला बसवलेली असते. त्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेलं छोटं लेबल शोधा आणि त्याच्या जवळची शिवण नीट पाहा. दिसायला ती इतर शिवणींसारखीच असते, पण आतून पिशवी फुगली की ती उसवावी अशाच बेताने तिचा दोरा आणि टाके निवडलेले असतात. बाजूने धडक बसते तेव्हा दार आणि माणूस यांच्यात अंतर असं उरतच नाही. म्हणून ही एअरबॅग १० ते २० मिलिसेकंदांत फुगावी लागते. डोळ्याची पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. आता त्या शिवणीवर जाड लेदर ताणून बसवलं, वर मजबूत दोऱ्याची दुहेरी टीप मारली, तर पिशवी बाहेर येणार कुठून? ती उशिरा उघडेल, भलतीकडेच फुगेल, नाहीतर आतल्या आत अडकेल. शिवाय ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बैठकीत अनेक गाड्यांत माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असतो. सीट उसवून परत शिवताना तोही बिघडू शकतो.

मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही माहीतच नव्हतं, की माहीत असून त्याने लिहिलं नाही, यात मला रस नाही. गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक काढा आणि त्यातलं एअरबॅगचं प्रकरण वाचा. सीटमध्ये एअरबॅग असलेल्या गाड्यांच्या पुस्तकात कव्हराबद्दल इशारा असतो. कव्हर हवंच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेलं, एअरबॅगच्या जागी मोकळं सोडलेलं किंवा तिथे तुटणारी शिवण असलेलंच घ्या. 'काही होत नाही हो' हे कव्हर शिवणाऱ्याचं तोंडी आश्वासन चालणार नाही.

आता आग. गाडीच्या आतलं कापड, लेदर, फोम, गालिचा किती वेगाने जळतो याची चाचणी असते. अमेरिकेचं ३०२ क्रमांकाचं वाहन सुरक्षा मानक १९७२पासून लागू आहे. ३५६ मिलिमीटर लांबीची पट्टी आडवी धरायची, तिच्या एका टोकाला १५ सेकंद ज्योत लावायची आणि ज्वाळा मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकता कामा नये, अशी ती चाचणी. आयएसओ ३७९५ या आंतरराष्ट्रीय मानकातही चाचणीची पद्धत साधारण अशीच आहे. ही मर्यादा सुएडला आणि लेदरला एकच आहे. प्लास्टिक म्हणून सूट नाही आणि नैसर्गिक म्हणूनही नाही. खरं तर कंपनीने बसवलेलं सुएड ही चाचणी पार करून आलेलं असतं. बाहेरून आणलेल्या कव्हराची, त्याखालच्या फोमची आणि गोंदाची ती कुणी केली आहे का, हा प्रश्न मेसेजवाल्याला पडलेला नाही.

सुएड म्हणजे प्लास्टिक, हे मात्र मान्य करावं लागेल. अल्कांतारा हे यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. १९७०च्या सुमाराला जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी शोधलेल्या अतिसूक्ष्म तंतूंवर ते आधारलेलं आहे आणि इटलीत तयार होतं. त्यात साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असतं. पण मग गाडीतल्या लेदरवर काय असतं? रंगाचा थर आणि त्यावर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचाच पारदर्शक लेप! तुमची पाठ टेकते ती त्या लेपाला. राहिला उन्हात सुटणारा वायू, तर नव्या गाडीचा वास फोम, गोंद आणि या सगळ्याच लेपांचा मिळून येतो. सीट कसलीही असो, उन्हातल्या गाडीच्या काचा आधी उघडाव्यात.

'श्वास घेतं' याचाही निकाल याच लेपाने लागतो. हवा खेळावी म्हणून तर लेदरला बारीक भोकं पाडावी लागतात. उन्हात तापलेल्या लेदरवर उघडा हात ठेवून पाहा आणि मग सुएडवर ठेवा. लवेच्या मध्ये हवा असल्याने सुएड तेवढं चटकत नाही. गडद रंग दोन्हीकडे वाईटच.

तेलाचा सल्ला तर दोन्हीची वाट लावणारा आहे. लेप दिलेल्या लेदरमध्ये तेल मुरत नाही, वरच राहतं, धूळ धरतं आणि कपड्यांना लागतं. स्टिअरिंगला चोळलंत तर ते हातातून निसटेल. सुएडवर पडलं तर लव चिकटून बसलीच म्हणून समजा. सुएडला पाण्याने जेमतेम ओलसर केलेलं पांढरं कापड, आणि वाळल्यावर मऊ ब्रश, एवढं पुरतं.

जन्मभर वगैरे काही टिकत नाही. लेदरला आधी चिरा पडतात त्या दाराकडच्या कडेला, रोज चढता-उतरताना घासून. सुएडचं दुखणं स्टिअरिंगवर: तळहाताच्या घामाने आणि तेलाने लव दबते आणि तिथे काळपट चकाकी येते. म्हणून मला विचाराल तर सीटचा मधला भाग सुएडचा, तिथे अंग घसरत नाही. कडा आणि स्टिअरिंग लेदरचं. डॅशबोर्डचा वरचा भागही सुएडचा चांगला, कारण त्याची चमक समोरच्या काचेत उमटत नाही. मागे लहान मुलं काही सांडत असतील तर तिथे पुसायला सोपं म्हणून लेदर. पण हे सगळं गाडी घेतानाच ठरवायचं.